नाकारलेली मिठाई
नाताळच्या सुमारास अमेरिकेतल्या अनेक समाजकेंद्रांत नाना देशांतून आलेले शेजारी एकत्र जेवतात, हे आपण ऐकले असेल. या शेजारधर्माची जुनी परंपरा शिकागोच्या ‘हल हाउस’मध्ये सापडते. जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी ते १८८९ मध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत सुरू केले. पहिल्याच नाताळात काही लहान मुलींनी पुढे केलेली मिठाई नाकारली. सहा आठवडे मिठाईच्या कारखान्यात सकाळी ७ ते रात्री ९ राबल्यावर त्यांना ती पाहवतही नव्हती! बालमजुरी म्हणजे काय, हे यजमानांना तेव्हा उमगले. पुढे ‘हल हाउस’च्या मंडळींच्या खटपटीने १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात राबवण्यास कायद्याने बंदी आली. म्हणून मंडळी, पंगतीत कोणी पदार्थ नाकारला, तर आग्रह करण्याआधी कारण विचारावे.