दुकानातील चोरी : दोष एकट्या चोराचाच का?

दोन कापड व्यापारी भेटले की मंदीनंतर हल्ली दुसरा विषय निघतो तो चोरीचा. ‘जमाना बिघडला’ असे म्हणून आम्ही मोकळे होतो. परंतु कारणे पाहू गेल्यास त्यांतील बरीच आपल्याच दुकानात सापडतात.

पहिले कारण मांडणीचे. पूर्वी गिऱ्हाईक गादीवर बसे, ताका आमच्या माणसाच्या हातून निघे आणि मोजून कापला जाई. अख्खा ताका पिशवीत घालून कोण नेणार? पुढे तयार कपडे आले, हँगर आले, ट्रायल रूम आली. माल गिऱ्हाइकाच्या हाती गेला. विक्री वाढली हे खरे, पण लक्ष ठेवणारी माणसे आम्ही कमी केली.

दुसरे, चोरीचा माल सहज खपतो. अर्ध्या भावात कोरी ओढणी मिळाली की ती आली कोठून, हे कोणी विचारत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे कायद्याने गुन्हा आहे आणि शरीयतनेही नाजायज आहे.

तिसरे, साठ्याची मोजणी आम्ही वर्षातून एकदा करतो, तीही जकात काढण्यापुरती. मग माल केव्हा गेला, हे कळणार कसे?

चौथे कारण सांगताना आमचीच मान खाली जाते. एका रमजानमध्ये आमच्या दुकानात बारा ओढण्या कमी भरल्या. संशयावरून आम्ही एका भगिनीची पिशवी चारचौघांत उघडायला लावली. आत दुसऱ्या दुकानाचे कपडे पावतीसह निघाले. पुढे कळले की ओढण्या आमच्याच पोऱ्याने नेल्या होत्या. त्याचा दोन महिन्यांचा पगार आम्ही ‘ईदनंतर बघू’ म्हणून थकवला होता.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त नोंद आहे की, हातिब (रजि.) यांच्या गुलामांनी एकाची उंटीण चोरून कापली. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी, तुम्ही यांना उपाशी ठेवता असे दिसते, असे मालकाला सुनावले आणि चारशे दिरहमच्या उंटिणीबद्दल त्याच्याकडून आठशे भरून घेतले. चोरी ती चोरीच. पण मालकालाही जाब द्यावा लागला.

कायदाही माहीत असावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांच्या आतील पहिल्या चोरीस, माल किंवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे (कलम ३०३). नोकराने मालकाचा माल चोरल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते (कलम ३०६). पकडलेल्याला मारहाण केली तर मात्र गुन्हेगार आपणच ठरतो.

तेव्हा बांधवांनो, पगार वेळेवर द्या, दर महिन्याला माल मोजा, गर्दीच्या दिवसांत दोन माणसे जास्त ठेवा आणि खात्री असल्याशिवाय कोणावर बोट ठेवू नका. आमच्या पोऱ्याला आम्ही पगार चुकता करून पुन्हा कामावर घेतले. त्या भगिनीची माफी मागायची मात्र राहून गेली. ती पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढली नाही.