बिनतारी हत्यारास तार

बिनतारी यंत्रावरून आपल्याशीं बोलतांना बिनतारी हत्यारास पुन्हां तार जोडावी असें मी सांगणार आहें, हें थोडें विपरीत वाटेल. परंतु तशी पाळी आली खरी.

आमच्या शेजारचा एक सुतार कैक वर्षें विजेच्या एकाच गिरमिटावर पोट भरीत आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याची बॅटरी पार थकली. दुकानीं चौकशी केली तों नव्या बॅटरीची किंमत जवळजवळ नव्या गिरमिटाइतकी. शिवाय त्या नमुन्याची बॅटरी आतां निघतच नाहीं. मोटर धडधाकट, दांतेचक्रें शाबूत, आणि तरी हत्यार भंगारांत! बिचारा माझ्याकडे आला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर; पण पदार्थविज्ञानाचीं प्राथमिक पुस्तकें जन्मभर शिकविलीं असल्यामुळें 'पाहूं' म्हणालों.

असलें पहिलें बिनतारी गिरमिट ब्लॅक अँड डेकर कंपनीनें १९६१ सालीं काढलें. त्यांत निकेल-कॅडमियमचे घट होते. अशा प्रत्येक घटाचा दाब १.२ व्होल्ट, म्हणून १८ व्होल्टसाठीं १५ घट ओळीनें जोडावे लागतात. लिथियमच्या घटाचा दाब ३.६ व्होल्ट, तेथें पांचांतच काम भागतें. पूर्ण भरलेला लिथियमचा घट ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून डब्यावर १८ लिहिलेलें असो कीं २०, आंत बहुधा तेच पांच घट असतात, फरक पाटीचा.

घरांतील वीज २३० व्होल्टची, आणि सेकंदास ५० आवर्तनें करणारी. तिचा दाब उतरवून तिला एका दिशेनें वाहतें केलें कीं झालें, असें मला वाटलें. म्हणून मुलाच्या जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडून पाहिला. गिरमिट हवेंत भिंगरीसारखें फिरलें. सुताराचा चेहरा उजळला. पण सागवानांत टोंक घुसतांच तें गप्प झालें! दाब बरोबर होता. चूक झाली ती प्रवाहाच्या हिशेबांत.

मोटर फिरूं लागली म्हणजे ती स्वतःच उलट दाब निर्माण करते, आणि तो येणाऱ्या प्रवाहास आवरून धरतो. त्यामुळें मोकळ्या फिरणाऱ्या गिरमिटास दोन-तीन अँपिअर पुरतात. लांकडानें तें अडविलें कीं गति मंदावते, उलट दाब घटतो, आणि प्रवाह एकदम वीस अँपिअर किंवा त्याहूनही वर उसळतो. बॅटरी तो क्षणभर सहज देते. माझा अ‍ॅडॅप्टर ६५ वॅटचा, म्हणजे साडेतीन अँपिअरसुद्धां नाहीं. त्यानें स्वतःस वांचविण्यासाठीं तोंड मिटलें. बॅटरी भरण्याचा चार्जरही येथें कुचकामाचा. तोही थोडेच अँपिअर देतो, आणि पुष्कळ चार्जर तर बॅटरीचा संकेत मिळेपर्यंत कांहींच देत नाहींत.

शेवटीं जुन्या बाजारांतून १५ व्होल्ट, २० अँपिअरचा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आणला. त्यापुढें डायोडचा पूल आणि मोठा कपॅसिटर बसविला. १५ ला १.४१ नें गुणून डायोडांत जाणारा दीड व्होल्ट वजा केला कीं सुमारें वीस व्होल्ट उरतात; ओझें पडल्यावर ते थोडे उतरतात, जशी बॅटरीही उतरते. असा ट्रान्सफॉर्मर क्षणभराचा अतिरिक्त भार कुरकुर न करतां सोसतो, म्हणून मला तो आवडतो.

तारेची गोष्ट लोक विसरतात. दोन मीटर लांबीची, पाऊण चौरस मिलिमीटरची दुपदरी तार घेतली तर वीस अँपिअरला दोन व्होल्ट तारेंतच खर्ची पडतात. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर सुमारें अर्धाच. मग गिरमिट कमजोर वाटतें, आणि दोष मोटरीस मिळतो.

बॅटरीचें रिकामें कवच हेंच उत्तम प्लग. आमची बॅटरी निकेलची होती, म्हणून घट अखंड बाहेर काढतां आले. कॅडमियम विषारी असल्यामुळें ते कचऱ्यांत न टाकतां जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्याकडे दिले. २०२२ च्या नियमांनीं ही जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. लिथियमची बॅटरी मात्र घरीं फोडूं नये. सळई लागून ठिणगी पडली तर ती पेट घेते. धन व ऋण टोंकें मापकानें पाहूनच जोडावीं, नाहींतर खटक्यांतील गति-नियामक जळतो. ट्रान्सफॉर्मरचीं दोन वेटोळीं एकमेकांपासून अलग असलींच पाहिजेत, घरच्या विजेच्या बाजूस फ्यूज हवा, आणि ही जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. आम्हीं तसेंच केलें. नव्या धर्तीचीं कांहीं हत्यारें बॅटरीची ओळख पटल्यावांचून चालतच नाहींत. तेथें हा खटाटोप व्यर्थ आहे. ज्यास हत्यार नव्यानेंच घ्यावयाचें आहे आणि प्लग जवळ आहे, त्यानें सरळ घरच्या विजेवर चालणारें साधें गिरमिट घ्यावें.

सुताराचा खर्च बॅटरीच्या निम्म्यांत भागला. पेटी जड आहे, ती शिडीवर नेतां येत नाहीं, म्हणून वरचीं भोंकें तो अजून हातगिरमिटानेंच पाडतो. बांकाजवळचें सारें काम मात्र पूर्ववत् चालू झालें आहे.