पाच वेळा खरे, सहाव्या वेळी खोटे

बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे दुप्पट करीत गेल्यास ३३ व्या घरात ४,२९,४९,६७,२९६ दाणे येतात. त्यांत आणखी एक दाणा मिळवा. आता हे ४,२९,४९,६७,२९७ दाणे सारख्या लांबीच्या ओळींत मांडता येतील का? सगळ्यांची एकच ओळ किंवा एकेका दाण्याची ओळ मात्र चालणार नाही. मांडता आले नाहीत, तर ही मूळ संख्या होय.

फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाला १६४० साली याच प्रश्नाने भुरळ घातली. २ पासून आरंभ करून दर वेळी वर्ग करा : २, ४, १६, २५६, ६५५३६. प्रत्येकीत १ मिळवा : ३, ५, १७, २५७, ६५५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. सहावी संख्या म्हणजे आपले दाणे. या मालिकेतील प्रत्येक संख्या मूळच असणार, असे फर्माचे मत होते. आपल्याजवळ सिद्धता नाही, हे मात्र त्याने कबूल केले होते.

सहावीचा पडताळा घेणे सोपे नव्हते. तिचे वर्गमूळ ६५५३६ हून किंचित अधिक आहे आणि तेथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. प्रत्येकीने हाताने भागून पाहायचे!

१७३२ साली ऑयलरने दाखवून दिले, की या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. वहीपेन्सिल घ्या. ६५५३६ ला ६४१ ने भागल्यास बाकी १५४ उरते. म्हणून ६५५३६ च्या वर्गाला भागल्यास तीच बाकी उरेल, जी १५४ च्या वर्गाला भागल्यास उरते. १५४ चा वर्ग २३७१६; आणि ६४१ × ३७ = २३७१७. अवघा एक कमी! आपण मिळवलेला जादा दाणा नेमका तो भरून काढतो. म्हणजे ६४१ ओळी, प्रत्येकीत ६७,००,४१७ दाणे.

६४१ च का? या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात काम फत्ते!

प्रयोगशाळेत पाच निरीक्षणे एका रेषेत आली, की आम्ही पदार्थविज्ञानवाले खूश होतो. गणितात मात्र पाच उदाहरणांनी तर्क सुचतो, सिद्धता होत नाही. या मालिकेत त्या पाचांखेरीज आणखी एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. ती नाहीच, हेही अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.