एकदाच सांगू द्या

भिवंडीतल्या कामतघरला वऱ्हाळा तलावाकडून वस्तीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट कानांवर येतो. लांबलचक पाळ्या, मीटरवर मिळणारी मजुरी, तेलुगू मुलखातून येऊन इथलेच झालेले पद्मशाली आणि त्यांच्या शेजारी उत्तरेतून आलेले कामगार. अशा एखाद्या खोलीत बाईला नवऱ्याने मारलं, तर ती जाणार कुठे? सरकारी दवाखान्यात केसपेपर, पोलीस ठाण्यात एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार, मग वकील, मग कोर्ट. प्रत्येक दारात तीच कहाणी पहिल्यापासून. दोन-तीन दारांनंतर ती थकते, घरी परतते आणि लोक म्हणतात, बाईनेच तक्रार सोडली.

मुंबईत या दुखण्यावर 1984 मध्येच एक उपाय निघाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तिथली कार्यकर्ती बसते पोलिसांच्या छताखाली, पण ती पोलीस नाही. नवऱ्याला निरोप पोलिसांच्या आवारातून जातो, म्हणून तो येतो. बाई मात्र मन मोकळं करते खाकी नसलेल्या माणसापाशी. एकट्या पोलिसाला किंवा एकट्या समाजसेविकेला हे जमलं नसतं.

पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. जागा अचूक निवडली होती. पोलिसांकडे न जाणारी बाईसुद्धा टाके घालायला दवाखान्यात येतेच. "जिन्यावरून पडले," ती सांगते. पण पडल्यावर गुडघे-कोपर फुटतात; दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वण उठत नाहीत. हे आधी दिसतं ते पट्टी बांधणाऱ्या परिचारिकेला. तिने विचारलं नाही, तर पुढची सगळी यंत्रणा रिकामी बसून राहते.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला आणि ही माणसं कागदावर तरी एकत्र आली. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतो. तो दंडाधिकाऱ्यांकडे जातो, प्रती पोलीस ठाण्याला आणि त्या भागातल्या सेवा देणाऱ्या संस्थांना. म्हणजे कहाणी एकदा सांगायची, बाकीच्यांनी वाचायची. अर्ज आल्यावर पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी, असंही कायदा म्हणतो.

कामतघरसारख्या वस्तीत आणखी एक अडचण आहे: घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, फॉर्म मराठीत. म्हणून या साखळीत त्याच गल्लीतली अंगणवाडीताई आणि आशाताई मला डॉक्टर-वकिलांइतक्याच मोलाच्या वाटतात. घरातलं मूल अचानक खाईनासं, बोलेनासं झालं, हे त्यांनाच आधी कळतं. मात्र प्रत्येकाने आपली हद्द ओळखावी. डॉक्टरने समेट घडवू नये आणि ठाण्यातल्या हवालदाराने "जुळवून घ्या" असा सल्ला देऊ नये. बाईचा जीव सुरक्षित आहे की नाही, हे ठरण्याआधीचा समेट धोक्याचा असतो.

शेजारच्या बाईसोबत दवाखान्यात जाण्याची वेळ आलीच, तर केसपेपरवर जखमेचं खरं कारण लिहून घ्या. वकिलाची फी हा अडथळा समजू नका. 1987 च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. महिलांसाठी हेल्पलाइन 181 आहे, मुलांसाठी 1098.