कोसबाडच्या अनुताई

तेराव्या वर्षी विवाह आणि पाठोपाठ वैधव्य, असा प्रारंभ झालेल्या आयुष्यातून शिक्षणाच्या बळावर मार्ग काढून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ यांनी १९४५ साली शहरातील स्थिर नोकरी सोडून, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांसमवेत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीची वाट धरली.

तेथील दलित वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्याचे ठरले, आणि अंगणवाडी जन्मास आली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हा तेथील अभ्यासक्रमाचाच भाग होता. आणि माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नसल्यामुळे शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांनाच शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा लाभली. गरिबांच्या मुलाला दुय्यम शिक्षण न देता उत्तम शिक्षणच त्याच्या परिस्थितीत बसवून दाखवणारी ही दृष्टी मला त्यांच्या कार्यातील सर्वांत थोर वाटते.

पुढे बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांसाठी काम सुरू झाले. गुरे राखण्यापासून त्यांची सुटका नव्हती, म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरू लागली. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्यावर या कामाचा कारभार अनुताईंनी सांभाळला. त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.