एका रेषेत आठच तुकडे

खेळयंत्रांची कहाणी : भाग ८

गेल्या आठवड्यात आपण फॅमिकॉमच्या पोटात डोकावलो होतो. त्यातली एक अट आज पुन्हा सांगतो, कारण फुटबॉलची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. १९८३ सालचं हे यंत्र पडद्यावरची हलती चित्रं छोट्या छोट्या तुकड्यांनी जोडून दाखवायचं. असे तुकडे संपूर्ण पडद्यावर जास्तीत जास्त ६४ आणि कोणत्याही एका आडव्या रेषेवर फार तर ८. एक तुकडा ८ ठिपके रुंद. खेळाडू माणसासारखा दिसायला हवा, तर त्याला रुंदीत दोन तुकडे लागणार. म्हणजे एका रेषेत चार खेळाडू झाले की कोटा संपला. पाचवा आला की कुणाचं तरी चित्र गायब. मग प्रोग्रामर गायब होणारा माणूस क्षणाक्षणाला बदलत राहायचे. त्या काळच्या खेळांत गर्दी झाली की सगळेच लुकलुकताना दिसतात ते यामुळे.

आणि फुटबॉल तर गर्दीचाच खेळ. कॉर्नर किकच्या वेळी गोलासमोर दोन्ही संघांची मिळून डझनभर माणसं एकाच पट्ट्यात उभी असतात. बेसबॉल या यंत्रावर बसवणं त्या मानाने सोपं, कारण तिथे माणसं लांब लांब आणि बहुतेक वेळ ठरल्या जागी. सतत हलणाऱ्या बावीस जणांना हे यंत्र पुरं पडणं शक्यच नव्हतं. तेव्हा काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवल्याशिवाय कामाला हातच लावता येत नव्हता. जुन्या जपानी फुटबॉल गेम्सचं मोठेपण मला या निवडीत दिसतं. फुटबॉलमधलं काय गेलं तरी फुटबॉल उरतो, याचं प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं.

निन्टेंडोने १९८५ साली फॅमिकॉमवर ‘सॉकर’ आणला तेव्हा सरळ माणसं कमी केली. गोलरक्षक धरून एका संघात सहा जण. खेळ संथ, पास ढोबळ, पण चेंडू, गोल, थ्रो-इन, पेनल्टी सगळं जागच्या जागी. आपल्याकडे नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला टीव्हीला जोडून घरोघरी खेळल्या गेल्या. शेकडो गेम एकात असल्याचा दावा करणाऱ्या त्यांच्या कॅसेटींत हा ‘सॉकर’ बऱ्याचदा असायचा. त्यामुळे या लेखाच्या अनेक वाचकांनी जपानी फुटबॉल गेम कधीच खेळून टाकलेला असणार.

त्याच वर्षी तेहकान या कंपनीने (पुढे तिचं नाव टेकमो झालं) गेम पार्लरसाठी ‘तेहकान वर्ल्ड कप’ काढला. यात मैदान थेट वरून दिसायचं आणि खेळाडूला पळवायला दांडा नव्हता, तळहाताने गोल गोल फिरवायचा चेंडू होता. जितक्या जोरात फिरवाल तितका खेळाडू जोरात पळणार. दोघं समोरासमोर बसून टेबलासारख्या यंत्रावर खेळायचे आणि दोघांचेही तळवे लाल व्हायचे. इंग्लंडमध्ये १९८८ साली आलेल्या ‘मायक्रोप्रोज सॉकर’ला याच खेळाने वाट दाखवली. ‘सेन्सिबल सॉकर’ पुढे त्याच मंडळींनी केला. वरून दिसणाऱ्या मैदानाची युरोपातली परंपरा अशी एका जपानी टेबलापर्यंत मागे जाते.

हे सगळं चाललं होतं त्या देशात तेव्हा फुटबॉलची व्यावसायिक लीग नव्हती, हे विसरून चालणार नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानने ब्राँझ पदक मिळवलं होतं, पण देशाचा जीव होता बेसबॉलमध्ये. १९६५ पासून चाललेल्या जपान सॉकर लीगमध्ये कंपन्यांचे संघ खेळत. निस्सानचा संघ, सुमितोमो मेटलचा संघ. ज्यांच्या नावावर कॅसेट खपेल असे क्लब आणि तारे गेम बनवणाऱ्यांच्या हाताशी नव्हते. होता तो एक मंगा. योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही चित्रमालिका १९८१ साली ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात सुरू झाली आणि जपानच्या शाळकरी मुलांना फुटबॉलचं वेड लागलं, ते त्सुबासा ओझोरा नावाच्या कागदावरच्या मुलामुळे.

या मंगावर टेकमोने १९८८ साली फॅमिकॉमसाठी गेम काढला, तेव्हा घेतलेला निर्णय मला आजही थक्क करतो. त्यांनी हाताची चपळाईच खेळातून काढून टाकली. एक चढाई जवळून पाहू. चेंडू त्सुबासाच्या पायात आहे. पडद्यावर तो मोठा दिसतो, सोबत मैदानाचा छोटा नकाशा, त्यावर तुम्ही त्याची दिशा ठरवता. घड्याळ पळतंय. समोरचा बचावपटू जवळ येतो आणि सगळं थांबतं. पर्यायांची यादी उघडते. ड्रिबल करू, पास देऊ, की वन-टू खेळू? तुम्ही निवडता. समोरच्यानेही टॅकल करायचं की पास अडवायचा हे ठरवलेलं असतं. मग चित्रांची मालिका सुरू होते. झुकलेला खांदा, वेगाच्या रेषा, मागे पडलेला चेहरा. एका वेळी पडद्यावर एक किंवा दोनच माणसं, त्यामुळे माणसांच्या गर्दीचा प्रश्नच उरत नाही आणि प्रत्येक खेळाडू मोठा काढता येतो.

या खेळाचा खरा ताण मात्र ‘गट्स’ नावाच्या आकड्यात आहे. प्रत्येक कृतीला गट्स खर्च होतात. त्सुबासाचा ड्राइव्ह शॉट किंवा कोजिरो ह्युगाचा टायगर शॉट म्हटला की खर्च आणखी मोठा. पूर्वार्धात हुरळून जाऊन ते मारत बसलात तर उत्तरार्धात संघाचा सर्वांत भरवशाचा खेळाडू नुसता उभा राहतो. तिकडे तुमच्या गोलात उभा आहे मोरिसाकी. समोरून जोरदार शॉट आला की झेलायचा की मुठीने मारायचा हेही तुम्हीच ठरवायचं, आणि तरीही हा बिचारा उडून जाळ्यात पडतो. त्याचं ते उडणं जपानी खेळाडूंच्या एका अख्ख्या पिढीच्या तोंडी झालं. फुटबॉलमधला दम, म्हणजे नव्वद मिनिटांसाठी ताकद पुरवून वापरण्याची विवंचना, माझ्या माहितीत कुठल्याही गेमने याच्याआधी इतकी नेमकी पकडली नव्हती.

१९९० साली दुसरा भाग आला तोवर मूळ मंगा संपलेला होता, म्हणून टेकमोने पुढची कथा स्वतःच रचली आणि त्सुबासाला ब्राझीलमध्ये साओ पाउलोकडून खेळायला लावलं. पहिला भाग पश्चिमेत ‘टेकमो कप सॉकर गेम’ या नावाने गेला, तेव्हा त्सुबासाचा रॉबिन करण्यात आला आणि चेहरेही बदलले. खेळ तोच राहिला, पण ज्या गोष्टीवर तो उभा होता ती काढून घेतल्यावर तिकडच्या मुलांना तो कोड्यात टाकणारा वाटला असेल तर नवल नाही.

१९९० सालचाच आणखी एक फॅमिकॉम खेळ म्हणजे टेक्नॉसचा, कुनिओ या दांडगट शाळकरी पोराच्या मालिकेतला. शाळेच्या डॉजबॉल संघाची पोरं फुटबॉल संघाच्या जागी मैदानात उतरतात, अशी त्याची कथा. इथे टेक्नॉसने पंच सोडून दिला. फाऊल नाहीच. धक्का द्या, लोळवा, समोरचा पुरेसा मार खाऊन पडला की तो तिथेच पडून राहतो. तुम्ही एकाच खेळाडूला चालवता, बाकीच्यांना पास दे, शॉट मार असं ओरडून सांगता. पश्चिमेत हा ‘निन्टेंडो वर्ल्ड कप’ झाला आणि शाळांच्या जागी देश आले. आडदांड खेळ, पण चार जणांनी मिळून खेळायला त्या यंत्रावर याच्यासारखा दुसरा नाही.

मग १९९० च्या नोव्हेंबरात सुपर फॅमिकॉम आलं. तुकड्यांची संख्या एका रेषेत ३२ पर्यंत गेली, पण फुटबॉलला खरी कलाटणी दिली ती ‘मोड ७’ या सोयीने. कोणतंही एक सपाट चित्र यंत्राला फिरवता येऊ लागलं, लहान-मोठं करता येऊ लागलं. टीव्हीचा पडदा वरून खाली एकेक आडवी रेषा काढत जातो. दर रेषेगणिक चित्राचा आकार थोडा थोडा बदलला, वरच्या रेषांना लहान, खालच्या रेषांना मोठा, तर सपाट मैदान तिरकं दिसू लागतं. दारात उभं राहून खोलीत अंथरलेली सतरंजी पाहावी तसं. जवळची कड रुंद, भिंतीकडची निमुळती. ह्यूमन या कंपनीने १९९१ साली ‘सुपर फॉर्मेशन सॉकर’मध्ये हीच युक्ती वापरून कॅमेरा गोलाच्या मागे नेऊन ठेवला. बाहेर हा खेळ ‘सुपर सॉकर’ या नावाने गेला.

मोड ७ ची किमया फक्त मैदानापुरती होती. माणसांना ती लागू नव्हती. खेळाडूंची वेगवेगळ्या आकाराची चित्रं आधीच काढून ठेवावी लागत आणि अंतराप्रमाणे बदलावी लागत. आणखी एक अडचण बसण्याच्या जागेचीच आहे. वरच्या गोलावर चढाई करणाऱ्याला सगळं मैदान समोर पसरलेलं दिसतं. खालच्या गोलाकडे येणाऱ्याला मात्र पुढे कोण उभं आहे हे फार उशिरा कळतं. तरीही मी या खेळाच्या बाजूने आहे. दोन बचावपटूंच्या मधली फट, तिच्यातून दिसणारा गोल आणि तिच्यातून सोडायचा चेंडू हे खेळाडूच्या नजरेला जसं दिसतं, त्याच्या सर्वांत जवळ जाणारं दृश्य तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

१५ मे १९९३. टोकियोचं राष्ट्रीय स्टेडियम. वर्दी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस. दहा क्लबांची जे लीग सुरू झाली आणि मारिनोसने पहिला सामना २-१ ने जिंकला. ब्राझीलचा झिको काशिमा अँटलर्सकडून, इंग्लंडचा गॅरी लिनेकर नागोयाकडून. गेम कंपन्यांना हवे होते ते क्लब, जर्सी आणि नावं एका दमात मिळाली. नामकोचा ‘प्राइम गोल’, सेगाचा ‘प्रो स्ट्रायकर’, एपॉकचा ‘एक्साइट स्टेज’ अशी एकामागून एक कॅसेटींची रांग लागली. त्यातल्या बऱ्याचशा घाईत केलेल्या आहेत. ‘एक्साइट स्टेज’ वेगळा काढून ठेवावा असा. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला दोहामध्ये इराकने वाढीव वेळेत गोल करून सामना २-२ केला आणि जपानचा पहिला विश्वचषक हातातून गेला. पण वेड ओसरलं नाही.

१९९४ च्या नोव्हेंबरात कोनामीच्या ओसाका शाखेने ‘पर्फेक्ट इलेव्हन’ आणला. जगाला तो ‘इंटरनॅशनल सुपरस्टार सॉकर’ म्हणून माहीत आहे. आता मैदानावर पूर्ण बावीस जण होते, आणि त्यांना वेगवेगळी अंगकाठी, वेगवेगळे केस, वेगवेगळा वेग होता. खरी नावं वापरायचा हक्क नसल्यामुळे कोनामीने ती बनवली. ब्राझीलच्या संघातला अलेहो हा असाच बनवलेला आघाडीवीर, पण खुद्द ब्राझीलमध्ये त्याची आठवण खऱ्या खेळाडूसारखी काढली जाते. यातला ‘सिनॅरिओ’ हा प्रकार मला सर्वांत आवडतो. सामना सुरुवातीपासून नाही, थेट अडचणीच्या क्षणी हातात येतो. गोलफरक विरोधात, मिनिटं थोडी, सोडवा! पुढच्या वर्षीच्या ‘डिलक्स’मध्ये एक गुप्त कोड टाकला की पंचाचा कुत्रा होतो, तेही आवर्जून करून पाहा.

सेगाचा ‘व्हर्च्युआ स्ट्रायकर’ आणि एसएनकेचा ‘सुपर साइडकिक्स’ पार्लरचे. नाण्यात मिनिटं मोजायची म्हणून वेगवान आणि दिलखेचक. त्यांच्यावर स्वतंत्र भाग येईल.

१९९५ साली कोनामीच्याच टोकियो शाखेने सोनीच्या प्लेस्टेशनवर ‘जे लीग जिक्क्यो विनिंग इलेव्हन’ काढला. इथे वाचकांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. पश्चिमेत ‘आयएसएस’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या खेळांची विक्री झाली. निन्टेंडो ६४ वरचा ‘आयएसएस ६४’ ओसाकाचा, प्लेस्टेशनवरचा ‘आयएसएस प्रो’ टोकियोचा. २००१ साली ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ झाला तो टोकियोचा खेळ. ‘सीबास’ म्हणून ओळखले जाणारे शिंगो ताकात्सुका या मालिकेचा चेहरा बनले. नव्या यंत्रावर माणसं त्रिमिती आकृत्यांची बनू लागली आणि तुकड्यांचा जाच संपला. तेव्हा टोकियोकरांनी लक्ष वळवलं चेंडूवर. तो पायाला चिकटलेला नाही. धावताना पुढे सुटतो, वळताना निसटतो, दमलेल्या खेळाडूकडून वेडावाकडा जातो. आणि त्रिकोणाच्या बटणावर थ्रू पास. सहकारी उभा आहे तिथे नाही, तो पोचेल तिथे चेंडू. हे एक बटण हाताला बसलं की माणूस टीव्हीवरचा सामनाही वेगळ्या नजरेने पाहायला लागतो. बचावफळीच्या मागची मोकळी जागा त्याला आधी दिसते.

यातलं बरंचसं आज रीतसर खेळता येतं. निन्टेंडोच्या स्विच ऑनलाइन सेवेत ‘सॉकर’ आणि ‘सुपर सॉकर’ दोन्ही आहेत. कुनिओचा फुटबॉल ‘डबल ड्रॅगन अँड कुनिओ-कुन रेट्रो ब्रॉलर बंडल’मध्ये इंग्रजी मजकुरासह मिळतो. एकच निवडायचा असेल तर ‘सुपर सॉकर’ घ्या आणि शेजारी कुणालातरी बसवून दोघांनी खेळा. खालच्या गोलाकडे चढाई करायची पाळी आधी तुमची.

(पुढील भागात : नाण्यावरचा फुटबॉल)