चिमूटभर राख आणि समोरची नजर

रविवारची संध्याकाळ. तुर्भ्याच्या बाजूच्या एका वस्तीतले समाजमंदिर. पुढे सतरंजीवर मुले, त्यांच्यामागे बायाबापड्या, दाराशी उभी तरुण मंडळी. आम्ही बाह्या वर सारल्या, रिकामे हात दाखवले, उजवा हात हवेत दोनदा फिरवला आणि बोटांतून राख झरू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यापुढे आणखी पाच प्रयोग झाले आणि अखेरीस आम्ही सहाही प्रयोगांची उकल करून सांगितली. आमच्या मते कार्यक्रम झकास झाला होता.

सतरंज्या गुंडाळत असताना एक आजी जवळ आल्या. जमिनीवर सांडलेली राख त्यांनी पदराच्या टोकात बांधून घेतली होती. म्हणाल्या, "बाबा, अजून एवढीशी पुडीत बांधून दे. नातवाला फेफरं येतं, त्याच्या कपाळाला लावते."

आम्ही जागच्या जागी गार झालो. राखेचा प्रयोग पाहून आजी स्टोव्हवरचा भात उतरवायला घरी गेल्या होत्या आणि उकल होऊन गेल्यावर परतल्या होत्या. त्यांनी चमत्कार पाहिला, त्यामागची युक्ती ऐकलीच नाही. म्हणजे त्या दिवशी आम्ही एक अंधश्रद्धा घालवण्याऐवजी एक नवी पेरून आलो होतो.

वाचकहो, ही आमच्या चुकीची आणि नंतरच्या दुरुस्तीची हकीकत आहे. आमच्यासारखे प्रयोग करणारे कार्यकर्ते गावोगावी आहेत. त्यांना ती उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

प्रयोग जुना, परंपरा मोठी

बुवाबाजीची हातचलाखी उघडी पाडण्याचे काम जगभर झालेले आहे. अमेरिकेत हॅरी हुदिनी (१८७४–१९२६) या नामांकित जादूगाराने मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांचे बिंग फोडले. मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले डॉ. अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) आणि त्यांच्यानंतर बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनी बाबा लोकांचे चमत्कार स्वतः करून दाखवले. महाराष्ट्रात १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. त्यांच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून हे प्रयोग नेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे, लोकांना फसवणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला.

कायदा आपले काम करील. पण राख हातात कशी येते हे लोकांना डोळ्यांनी दिसले पाहिजे, आणि ते नीट दाखवायचे तर प्रयोग नीट आला पाहिजे.

गोळीची गोष्ट

राख हवेतून येत नाही, गोळीतून येते. चाळलेली बारीक राख भाताच्या पेजेत मळून तिच्या चण्याएवढ्या गोळ्या वळायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. गोळी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात मागल्या अंगाने धरायची. हात गोल फिरवताना ती बोटांच्या टोकांशी आणायची आणि चुरडायची. हात मोठा फिरतो तो शोभेसाठी फिरत नाही. मोठ्या हालचालीच्या आड बोटांची लहान हालचाल लपते.

सांगायला सोपे, करायला अवघड. पेज जास्त झाली तर गोळी खड्यासारखी होते, चुरडत नाही. कमी झाली तर वेळेआधीच हातात भुगा. त्यात आपल्या नवी मुंबईचा पावसाळा! जुलैत एकदा ओलसर गोळीचा बोटांत नुसता चिखल झाला आणि पोरे खदखदा हसली. तेव्हापासून आम्ही मे महिन्यातच गोळ्या वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

'छान झाले' हे उत्तर कामाचे नाही

आजींच्या प्रसंगानंतर आम्ही ठरवले, की आपला प्रयोग कसा होतो हे आपण ठरवायचे नाही, पाहणाऱ्यांना विचारायचे. प्रथम विचारले, "कसा वाटला?" जो तो म्हणे, "छान झाला, सर." आम्ही पडलो कारकून. जमा-खर्चाच्या वहीत 'छान' अशी नोंद चालत नाही. मग प्रश्नच बदलला. "तुम्ही काय काय पाहिले, ते पहिल्यापासून क्रमाने सांगा. संशय कुठे आला?" या दोन प्रश्नांनी आमचे डोळे उघडले.

पहिली परीक्षक घरातलीच, सातवीत शिकणारी कन्या. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सारखे उजव्या हाताकडेच बघता. म्हणून मीपण तिथेच बघते." अगदी खरे! प्रेक्षक प्रयोग करणाऱ्याच्या नजरेमागे जातो. आपण चोरट्या नजरेने लपवलेल्या गोळीकडे पाहिले, की सगळ्यांना पत्ता लागतो. आता गोळी धरलेली असते तेव्हा आम्ही समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलतो.

दुसरी सूचना सौभाग्यवतींची. "हात दाखवताना तुमचा अंगठा लाकडासारखा ताठ होतो. भाजीची पिशवी धरता तेव्हा असा होतो का?" गोळी नसतानाही हात जसा सैल असतो तसाच गोळी असताना दिसला पाहिजे. त्यासाठी आम्ही पंधरा दिवस घरात गोळी बेचक्यात धरूनच चहा प्यालो, वर्तमानपत्र चाळले.

तिसरी सूचना एका वस्तीतल्या सहा-सात वर्षांच्या पोराची. तो अगदी पुढे जमिनीवर बसला होता. "काका, तुमच्या हातात खालून काहीतरी दिसतं." आरशासमोरचा आमचा सारा सराव उभ्या माणसाच्या उंचीचा. आरसा खाली बसलेल्या पोराची नजर दाखवत नाही. शिवाय आरशात पाहताना मोक्याच्या क्षणी आपली पापणी लवते आणि आपली चूक आपल्यालाच दिसत नाही. आता आम्ही मोबाईल पाटावर टेकवून, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्रीकरण करतो. हात छातीच्या वर नेत नाही, हाताची पाठ प्रेक्षकांकडे ठेवतो. चौकात गोलाकार गर्दी होऊ देत नाही. पाठीशी भिंत घेऊन लोकांना अर्धगोलात बसवतो.

या सूचना वहीत दोन रकान्यांत जातात: कोणी काय पाहिले, आणि आम्ही काय बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली तेच कळत नाही.

उकल केव्हा करावी?

सर्वांत मोलाची सूचना मात्र आजींची. त्यांनी ती सूचना म्हणून दिली नव्हती, इतकेच. आता राख पडताक्षणी आम्ही थांबतो, दुसरी गोळी तळहातावर घेऊन सर्वांमधून फिरवतो आणि प्रेक्षकांतल्या एका ताईंना किंवा मुलाला पुढे बोलावून तोच प्रयोग करायला लावतो. त्यांची राख जरा सांडते, हात चुकतो, हशा होतो. पण शेजारच्या मुलीच्या हातून राख पडली, की ती दैवी उरत नाही. उकल होईपर्यंत पुढचा प्रयोग नाही.

दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तात हाच पेच आहे. भिक्षूने चमत्कार दाखवला तर लोकांची श्रद्धा वाढेल, असे केवट्ट सुचवतो. त्यावर भगवान बुद्ध म्हणतात, की संशयी माणूस ही गांधारी विद्या आहे असेच म्हणेल. उपदेशाचे प्रातिहार्य तेवढे ते श्रेष्ठ मानतात.

इथे एक खुलासा केला पाहिजे. रस्त्यावर तीन वाट्या आणि चेंडूंचा खेळ करणाऱ्याची हातचलाखी आम्ही कधी फोडत नाही. तो आपल्या बोटांच्या कसबावर पोट भरतो आणि खेळाला खेळच म्हणतो. आमचे भांडण हातचलाखीला शक्ती म्हणून विकणाऱ्याशी आहे.

आणि आजींचा नातू? त्या रात्री आजींसमोर बसून आम्ही गोळी फोडून दाखवली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग पदराची गाठ सोडून राख झटकत म्हणाल्या, "मग आता पोराला न्यायचं कुठं?" हा प्रश्न आमच्या सहा प्रयोगांत कुठेच नव्हता. सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही त्यांच्याबरोबर पालिकेच्या रुग्णालयात गेलो. फेफरे हा मेंदूचा आजार आहे. चप्पल-कांदा हुंगवून तो जात नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज नेमाने गोळ्या घेतल्या तर बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात. आता कार्यक्रमाला निघताना राखेच्या डब्याबरोबर जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ लिहिलेला कागदही आमच्या पिशवीत असतो. कार्यक्रम संपला, की आम्ही तो भिंतीला चिकटवतो आणि मोठ्याने वाचूनही दाखवतो.